पाणी उतरायच्या आधी

चांगुणामावशीची खरी उंची चिखलात कळायची. एरवी कोपर स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत ती उभी असली, तर जेमतेम माझ्या खांद्याला लागेल एवढी. पण खाडीच्या चिखलात आम्ही गमबूटवाले पदवीधर गुडघ्यापर्यंत रुतायचो, आणि मावशी अनवाणी, घोट्याच्या वर चिखल लागू न देता, आमच्या दहा पावलं पुढे चालत असायची. मग ती वळून आमच्याकडे वरून खाली बघायची आणि म्हणायची, "उबं रवू नका रं. चालत रवा. उबा रवला तो गेला." आम्ही नेमके फोटो काढायला उभे राहिलेले असायचो.

मी तेव्हा ठाण्याला, नौपाड्यातल्या एका लहानशा कचेरीत नोकरीला होतो. खाली दाताचा दवाखाना, वर आमच्या दोन खोल्या. काम असं, की कुठे रस्ता, गोदाम, पूल असं काही व्हायचं असलं की त्या जागी आधी जाऊन बघायचं. झाडं कुठली आहेत, पक्षी कुठले येतात, पाणी कसं आहे, माती कशी आहे, जीवजनावराला राहण्याजोगं तिथे काय उरलंय हे सगळं टिपायचं आणि शेवटी जागेला एक ते पाच गुण द्यायचे. पाच म्हणजे हात लावू नका. एक म्हणजे खुशाल काय हवं ते करा. आमचे सर वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक होते, सज्जन माणूस. मी डोंबिवलीत वाढलेला, वडील रत्नागिरीकडून नोकरीसाठी आलेले. जन्मभर खाडीच्या काठावर राहून मी खाडी पाहिली होती ती पुलावरूनच.

प्रत्येक पाहणीला एक स्थानिक माहितगार लागायचा. फॉर्मवर तशी चौकटच होती, खाली सहीला जागा. सरांनी मावशीला कुठून शोधून काढलं ते मला माहीत नाही. तिचं माहेर आणि सासर दोन्ही आगरी, दोन्ही घरं मिठागरावर राबलेली. तरुणपणी तिने डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहिल्या होत्या. पुढे मिठागरं बंद पडली, जमिनींना भाव आले, मुलांनी बापाच्या नावाची पाच मजली इमारत उभी केली आणि दारात पांढरी गाडी आली. म्हणजे आमच्याबरोबर उन्हातान्हात फिरायची तिला काडीची गरज नव्हती. कानात सोनं, गळ्यात सोनं आणि पायात चप्पल नाही, अशी ती यायची. पहिल्या दिवशी मी तिला अदबीने "तुम्ही" म्हणालो, तर तिने मागे वळून पाहिलं. "तुमी कोनाला बोलतंस, मास्तर? मी एकलीच आलेय." तेव्हापासून मी तिला मावशी आणि तू म्हणू लागलो. वही हातात असते म्हणून मी मास्तर.

तिला आमच्याकडून एकच गोष्ट हवी असायची. अहवालात आपलं नाव.

"माझा नाव घातलास ना?" पाहणी संपली की हा प्रश्न ठरलेला. अहवाल छापून आला की त्याची एक प्रत तिला द्यायची, आणि मी ते पान उघडून तिला वाचून दाखवायचं. 'स्थानिक माहितगार: श्रीमती चांगुणा', मग नवऱ्याचं नाव, मग आडनाव. ती डोळे मिटून ऐकायची, म्हणायची, "परत वाच." या प्रती ती देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात ठेवायची, मुलांच्या लग्नाच्या अल्बमांच्या वर. वाचता तिला येत नव्हतं, पण सही येत होती. नातीने शिकवलेली. ती सही करताना बघण्यासारखी असायची. जीभ दातांत धरून, एकेक अक्षर मिठाची पाटी उतरवल्यासारखं जपून ठेवत, शेवटी वरची रेघ कागदाच्या कडेपर्यंत. पुरतं एक मिनिट लागायचं. तेवढा वेळ कुणी बोललेलं तिला चालत नसे.

तिचं शास्त्र तिच्या खांद्यावर अडकवलेलं असायचं. वेताचं एक कडं. मिठाच्या जुन्या पाटीच्या तोंडाचं. पाटी केव्हाच सडून गेली होती, कडं तेवढं आईकडून तिच्याकडे आलेलं. खाडीच्या चिखलात निवटी नावाची मासळी राहते, बोटभर लांबीची, बिळात शिरणारी, चिखलावर टुणटुण उड्या मारणारी. आगरी-कोळ्यांच्या बायका ती हाताने धरतात, कालवण करतात. तर मावशी चिखलात शिरायच्या आधी काठावर पाठमोरी उभी राहायची आणि ते कडं खांद्यावरून मागे भिरकावायची. पडेल तिथे जायचं आणि कड्याच्या आतली बिळं मोजायची.

"पाठमोरं कशाला?" मी विचारलं होतं.

"डोले लबार असतात," ती म्हणाली. "बगून फेकला का चांगल्याच जाग्यावं परतो."

सर हे ऐकून इतके खूश झाले की त्यांनी मला तिथेच चिखलात उभं करून पाऊण तास नमुना-निवडीवर व्याख्यान दिलं. आमच्याकडे त्याच कामासाठी प्लॅस्टिकच्या नळ्यांची एक चौरस चौकट होती, ती मी दर वेळी गाडीत विसरायचो.

कड्यात पाच किंवा जास्त बिळं असली तर मावशी पदर खोचून आत जायची. चार असली तर कडं उचलायची आणि परत फिरायची, मग लांबून आलेली असो, टोपली रिकामी असो. "पाच भोकां नाय, तिथं पाय नाय." हे तिच्या आईचं वाक्य. त्या जागेला त्या साली हात लावायचा नाही. तिच्याबरोबर निवटी धरायला जाणाऱ्या सगळ्या बायका हे पाळायच्या, आणि मावशीने मोजलं म्हणजे मोजलं, दुसरी कुणी पुन्हा मोजायची नाही. हे ती सहज सांगून गेली होती. त्यात केवढा मान आहे हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

एकदा सर तिला थट्टेने म्हणाले, "मावशी, तुम्ही सांगता निवटी आहे, पण आम्हाला पुरावा लागतो." दुसऱ्या दिवशी भर दुपारी मावशी नौपाड्याच्या कचेरीत हजर. पाय चिखलाने माखलेले, जिन्यावर तिच्या पावलांची रांग, आणि हातात ॲल्युमिनियमचा डबा. "पुरावा आनलाय," म्हणून तिने सरांच्या टेबलावर झाकण उघडलं. मग जे व्हायचं ते झालं. दोन पुरावे फायलींवर, एक सरांच्या चहात आणि एक थेट स्कॅनरच्या काचेवर. दवाखान्यातले दोघेतिघे गाल धरून वर बघायला आले. मावशी शांतपणे एकेक निवटी चिमटीत उचलून डब्यात टाकत होती आणि सरांना विचारत होती, "आता लिवाल ना?" चहात पडलेल्या निवटीसकट सगळ्या तिने संध्याकाळच्या आत खाडीत परत सोडल्या. पुराव्याला आणलेली खायची नाही, हा नियम तिने तिथल्या तिथे केला.

मोहने गावाकडे नदीकाठची एक पाहणी होती, तिथेही सरांनी तिला नेलं. नदीवर काठापासून काठापर्यंत जलपर्णी पसरलेली. आमच्यातल्या एका नव्या मुलीने वहीत लिहिलं, 'पात्रात विपुल हिरवी वनस्पती'. मावशीने मला ते वाचायला लावलं. मग ती काठावर बसली, जलपर्णी बाजूला सारून पाण्यात हात घातला, बाहेर काढून हुंगला आणि त्या मुलीपुढे धरला. "हा हिरवा नाय गो बाय," म्हणाली. "हा तापाचा लाल गाल असतो ना, तसा हाय. बरा दिसतो म्हनून बरा नसतो." त्या मुलीने ओळ खोडली. मावशी रागावून कधी बोलायची नाही. रागावली असती तर पुढचं सगळं मला सोपं गेलं असतं.

आता ते सांगायला हवं. इतका वेळ मी निवटीच्या गमती सांगत बसलो, कारण हे टाळत होतो.

कोपरच्या बाजूला खाडीकाठचा एक पट्टा ट्रक उभे करायच्या तळासाठी भराव घालून घ्यायचा होता. त्याची पाहणी माझ्याकडे आली, एकट्याकडे. सर म्हणाले, "ओहोटीलाच कर. चिखल उघडा पडल्याशिवाय काही दिसत नाही." मी मोबाईलवर भरती-ओहोटीचं ॲप उघडलं. दहा वाजता पूर्ण ओहोटी. दहाला मी गाडी घेऊन काठावर हजर. मावशी आधीच येऊन दगडावर बसलेली होती, कडं मांडीवर.

समोर पाणी. पुरता पट्टा पाण्याखाली.

"इतक्यात कशाला आलास?" ती म्हणाली. "बारा वाजतील उतराला."

मी तिला मोबाईल दाखवला. तिने तो पाहिलासुद्धा नाही. "जल्ला तुझा मोबाईल. तो मुंबयच्या बंदराचा सांगतो. आज पंचमी. तिथीची पाऊनपट कर, ती भरती. तितनं सुकती काढ, तुमची ती ओहोटी. वर आपल्या खारीचे दोन तास घाल. पानी मुंबयशी निगून इथवर याला आनि परत जाला टाइम नाय का लागत? ते काय गारीत बसून येतंय?"

तिचं म्हणणं मला पटलं. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढे कित्येकांना मी 'माझा गैरसमज झाला होता' असं सांगितलं. गैरसमज अजिबात झाला नव्हता. मला उभ्या उभ्या पटलं होतं. पण गाडी बारापर्यंत नौपाड्यात परत हवी होती, सरांना मंत्रालयात जायचं होतं, आणि ड्रायव्हर दोनदा हॉर्न वाजवून चुकला होता. मी म्हटलं, "मावशी, तू सही करून ठेव. मी उद्या दुपारी परत येतो, मोजतो आणि भरतो."

"कोराच?"

"मी भरतो ना. तू सांगशील तेच भरीन."

ती हसली. कोऱ्या फॉर्मवर, माझ्या वहीचा आधार घेऊन, दगडावर बसून तिने सही केली. जीभ दातांत, एकेक अक्षर. तिसरा हॉर्न वाजला. तिने रेघ पूर्ण केली आणि कागद माझ्या हातात देताना म्हणाली, "पानी उतरल्यावं भर हां, मास्तर."

दुसऱ्या दिवशी मला कल्याणला दुसरं काम निघालं. तिसऱ्या दिवशी सुट्टी होती. मग मुदतीचा फोन आला. मी टेबलाशी बसून फॉर्म भरला. त्या सकाळी जे दिसलं तेच लिहिलं, म्हणजे पाणी दिसलं होतं, तर पक्षी नाहीत, बिळं नाहीत. पाहणीची वेळ, सकाळी दहा, ओहोटी. जागेचा दर्जा, एक. सरांनी विचारलं, "ओहोटीलाच केलीस ना?" मी त्यांना ॲपचा फोटो दाखवला. त्यांनी मान डोलावली. तो अहवाल छापून आला तेव्हा मावशीची प्रत मी तिला नेऊन दिली नाही. आज देऊ, उद्या देऊ करत ती माझ्या खणात पडून राहिली.

मग जनसुनावणी झाली. समाजमंदिराच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या, पुढे टेबलावर निळं कापड. एका बाजूला निवटी धरणाऱ्या बायका मिळून बसल्या होत्या, त्यांच्या मधोमध मावशी, ठेवणीतलं लुगडं नेसून. आपलं नाव आज सगळ्यांसमोर वाचलं जाणार हे तिला कुणीतरी सांगितलं असावं. मी आणि सर तिसऱ्या रांगेत होतो. मला पाहून तिने हात वर केला.

अधिकाऱ्यांनी अहवालाचा सारांश वाचायला घेतला. "स्थानिक माहितगार श्रीमती चांगुणा" असं म्हणून त्यांनी तिचं पूर्ण नाव घेतलं, आणि मावशीने सवयीने डोळे मिटले. "यांच्या उपस्थितीत, ओहोटीच्या वेळी केलेल्या पाहणीत, सदर जागी निवटीची बिळं वा पाणपक्षी आढळले नाहीत. जागेचा दर्जा, एक."

तिने डोळे उघडले. तिच्या शेजारची पार्वती, तिच्याबरोबर पन्नास वर्षं चिखलात उतरलेली, तिच्याकडे वळून म्हणाली, "चांगुने, तू असा सांगितलास?"

मावशी उभी राहिली. "पानी उतरला नव्हता," ती म्हणाली.

"आजी, ओहोटीची वेळ इथे नमूद आहे," अधिकारी म्हणाले. त्यांनी फॉर्म वर धरला. "ही सही तुमची नाही का?"

तिला नाही म्हणता आलं असतं. हॉलमधल्या निम्म्या लोकांनी तिच्या जागी तेच केलं असतं. तिने पुढे जाऊन कागद नीट पाहिला. "सई माझीच हाय," ती म्हणाली. "पन पानी उतरला नव्हता." मागून कोणीतरी हसलं. कोणीतरी म्हणालं, हिच्या पोरांचे प्लॉट आहेत ना तळाला लागून, भाव चढायचा तर पाणी कसं उतरेल. मावशीने तिसऱ्या रांगेकडे पाहिलं.

"मास्तर," ती म्हणाली, "तू सांग ना."

मी मांडीवरची फाईल उघडली आणि तिच्यात काहीतरी शोधू लागलो. पानं उलटत राहिलो. सर माझ्याकडे बघत होते ते मला कळत होतं. एवढंच म्हणायचं होतं, की साहेब, चूक माझी आहे, बाई खरं सांगतायत. माझी जीभ टाळूला चिकटली होती असं लिहिता येईल, पण ते खोटं आहे. जीभ व्यवस्थित होती. मला नोकरीची भीती वाटली आणि त्याहून जास्त, इतक्या लोकांत उभं राहून 'मी कोऱ्या कागदावर सही घेतली' असं म्हणायची लाज वाटली. त्या क्षणी वाटली ती लाज आणि त्यानंतर आजवर वाटते ती लाज, यांत कुठली मोठी हे सांगायला शहाणा माणूस लागत नाही. थोडा वेळ वाट पाहून मावशी खाली बसली. पार्वती उठून दोन खुर्च्या सोडून बसली होती.

परतताना गाडीत सरांनी एकच विचारलं, "कोपरला दहाला पाणी उतरतं का रे?" मी म्हणालो, "ॲपवर तसंच होतं सर." लेखी हरकती घ्यायला अजून मुदत होती. मी एक पत्र लिहिलंही, चांगलं दोन पानी, सगळं कबूल करणारं. ते पाठवायचं राहिलं. पुढे मला मोठ्या कंपनीत नोकरी मिळाली, ठाण्याचं ऑफिस सुटलं, आणि त्या पट्ट्यावर भराव पडला. लोक म्हणतात, तुझ्या एका फॉर्मने काय होतं, भराव व्हायचाच होता. असेलही. पण निवटीच्या बायकांनी मावशीला चिखलात बरोबर न्यायचं सोडलं. पार्वतीच्या मुलाने मला हे सांगितलं. तिने मोजलेलं आता कोणी मानत नाही, म्हणाला. हे तर व्हायचंच होतं असं नव्हतं ना?

गेल्या हिवाळ्यात एका कामासाठी मी कोपरला गेलो होतो. काम संपलं तेव्हा दुपारचा एक वाजत होता. पाय आपोआप खाडीकडे वळले असं म्हणणार नाही. मुद्दाम गेलो, आणि ती तिथे नसली तर बरं असं मनात म्हणतच गेलो. भरावाच्या पलीकडे, पत्र्याच्या कुंपणापासून पाण्यापर्यंत, चिखलाची एक अरुंद पट्टी उरली आहे. मावशी काठावर दगडावर बसली होती, टोपली शेजारी. कडं मांडीवर. पाणी अजून वर होतं.

मी जवळ जाऊन उभा राहिलो. तिने मान वर करून पाहिलं आणि बाजूला सरकून दगडावर जागा केली. "बस. अर्धा तास हाय अजून." मग म्हणाली, "गारी उबी हाय का तुझी?"

गाडी उभी होती. मी फोन करून ती सोडून दिली आणि बसलो. मी माफी मागायला आलो होतो. वाक्यं जुळवून आणली होती. तिने एक खारा शेंगदाणा माझ्या हातावर ठेवला, मग आणखी एक, आणि माझी वाक्यं तशीच राहिली. अर्ध्या तासाने पाणी उतरलं. चिखल हळूहळू वर आला, एक लहान तुतवार पक्षी शेपूट हलवत त्यावर फिरू लागला. मावशी उठली, गुडघे धरून, पाण्याकडे पाठ केली आणि कडं खांद्यावरून मागे भिरकावलं.

"मोज," ती मला म्हणाली.

मी बूट काढले. आधी घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत रुतत गेलो. कड्याशी वाकून मोजलं, पुन्हा मोजलं. चार.

"किती?" तिने काठावरून विचारलं.

"चार, मावशी."

"पाच लिव," ती म्हणाली. "मी सई करतंय."

मी वर पाहिलं. ती थट्टा करते आहे असं तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, आणि रागही नव्हता. मी चिखलात उभा होतो आणि पाय खाली खाली जात होते.

"चारच आहेत मावशी."

"आज बराबर मोजलास," ती म्हणाली. चिखलात चार पावलं चालत आली, घोट्याच्या वर काही लागू न देता. माझ्या पायाजवळचं कडं उचलून खांद्यावर अडकवलं आणि माझी वाट न बघता काठाकाठाने घराकडे निघाली. टोपली रिकामीच होती.